शेपटावर टेकवलेली काठी

मी काठी बोलतेय. घाबरू नका, मी कुणाला मारलेलं नाही. मारावं असे एकदोन प्रसंग आले, पण काठीला स्वतःचा हात नसतो, म्हणून राहून गेलं.

जन्म माझा वेताच्या बेटातला. जाड होते, सरळ होते, म्हणून एका कापडवाल्याने मला घेतलं. वरच्या फळीवरचे तागे खाली काढायचे, हे माझं काम. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, मी तागा काढायचे. केलेलं काम डोळ्यांना दिसायचं. मग दुकान बंद पडलं, आणि वरच्या माडीवर इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्या मास्तरांनी मला उचललं. टोकाला लाल रंग फासला. माझे दिवस फिरले ते तिथून.

मास्तरांचा सगळा जीव भाववाचक नामांवर. फळ्यावर साधा शब्द लिहायचा आणि त्याला शेपूट लावायचं. काइंड म्हणजे दयाळू. नेस जोडलं की काइंडनेस, दयाळूपणा. ट्रीट म्हणजे उपचार करणं. मेंट जोडलं की ट्रीटमेंट. अटेंड म्हणजे लक्ष देणं, त्याचं अटेन्शन. मला टेकवायचे ते शेपटावर. वर्ग एका सुरात ओरडायचा, नेस, मेंट, शन.

शेपटांशी माझं भांडण नाही. दयेला नाव नको का? नक्की हवं. माझा संताप मास्तरांच्या नियमावर आहे. साधं क्रियापद कुणाच्या तोंडून निघालं की मला बाकावर आपटायचे.

कुणी म्हणालं, "आय हेल्प." टक्.

"लहान मुलांसारखं काय बोलता? नाम सांगा, नाम."

"हेल्पफुलनेस."

"हां. आता कसं वजन आलं."

वजन म्हणे. वजन काय असतं ते कापडाचे तागे पेलणारीला विचारा.

त्या वर्गात एक ताई यायच्या. वृद्धाश्रमात रोजावर आया होत्या. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. कायमची जागा निघाली होती, पण मुलाखत इंग्रजीत, कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंना दुसरी भाषा येत नव्हती. जागा मिळाली तर 'उद्यापासून येऊ नका' ही टांगती तलवार जाणार होती. ताईंना कामापुरतं इंग्रजी येत होतं. लिफ्ट, वॉश, फीड, कॉल. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकून उचललेलं. ते चांगलं चालणारं इंग्रजी मास्तरांनी माझ्याकडून ठोकून ठोकून बाहेर काढलं.

मुलाखतीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एक आजोबा न्हाणीघरात पडलेत, तुम्ही काय कराल?

ताईंना प्रश्न कळला. 'आय लिफ्ट' ओठांवर आलंही. तेवढ्यात कानात माझी टक् वाजली. त्या ताठ बसून म्हणाल्या, "काइंडनेस. पेशन्स. रिस्पॉन्सिबिलिटी. अटेन्शन."

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला आत बोलावलं. जागा तिला मिळाली.

दुसऱ्या दिवशी ताई तडक माडी चढून आल्या. सगळं सांगितलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पण शब्द तर चारही बरोबर होते."

ताईंनी त्यांच्या हातातून मला ओढून घेतलं. मी म्हटलं, आता बसतेय पाठीत. पण त्यांनी मला फळ्यावर आपटलं.

"म्हातारा पडलाय, मास्तर. काय कराल? इंग्रजीत सांगा."

"अं... असिस्टन्स."

"तो अजून फरशीवरच आहे."

"इमीजिएट असिस्टन्स."

"तरी फरशीवरच. उचलतंय कोण त्याला? तुमच्या असिस्टन्सला हात आहेत का?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ताई मला घेऊनच जिना उतरल्या. माझी काठी द्या म्हणायची मास्तरांची हिंमत झाली नाही.

आता मी ताईंच्या घरी असते. त्यांचे सासरे गुडघ्यांनी अधू आहेत, ते माझ्या आधाराने उठतात. लाल रंग त्यांच्या तळहाताने केव्हाच घासून नेला. दुसऱ्या एका आश्रमाने ताईंना मुलाखतीला बोलावलंय, म्हणून रोज संध्याकाळी तालीम असते. सासरे सतरंजीवर आडवे होतात आणि ताई मोठ्याने म्हणतात, "आय होल्ड. आय लिफ्ट. आय कॉल द डॉक्टर." म्हणता म्हणता खरंच उचलतात.

"सूनबाई, आज आणखी किती वेळा पडायचंय गं मला?"

"नोकरी लागेपर्यंत पडा, मामंजी."

मास्तर अजून शिकवतात. नवी काठी आणली असेल. त्या माझ्या बहिणीला एवढंच सांगणं आहे, तुला शेपटावर टेकवतील तेव्हा टेक. पण बाकावर आपटतील ना, तेव्हा मधोमध मोडून पड. बाई, खुशाल मोड. खाली कुणीतरी पडलेलं असतं.