हेडबाईची मान

सोमवारपासून डॉक्टरबाई या गोठ्याला घाबरत होती, आणि गुरुवारी सकाळी तिने त्याच्याच फाटकाशी जीप थांबवली. इंजिन बंद करून ती तशीच स्टिअरिंग धरून बसून राहिली. तिला उतरवेना.

तशी ती घाबरट नव्हती. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने एका बिथरलेल्या वळूला नुसतं दरडावून कोपऱ्यात उभं केलं होतं. तेव्हापासून वळूपेक्षा वळूच्या मालकांनीच तिचा जास्त धसका घेतला होता. जनावराला वेळेवर औषध न देणाऱ्याची ती अशी काही हजेरी घेई, की माणूस दुसऱ्या दिवशी समोरून येताना दिसला तर रस्ता बदलत असे. आणि आज हीच बाई एका फाटकाला घाबरत होती.

कारणही तसंच होतं. शेजारच्या गावात एका गोठ्यात गाईंना क्षय निघाला होता. वरून हुकूम आला, की आसपासचे सगळे गोठे तपासा, आणि ज्याची तपासणी झाली नाही त्याचं दूध संकलन केंद्रावर घेऊ नका. तपासणी सोपी असते. गाईच्या मानेवरचे केस कातरायचे, कातडीची जाडी चिमट्यासारख्या मापाने मोजायची, तिथे एक बारीक इंजेक्शन द्यायचं आणि बहात्तर तासांनी पुन्हा मोजायचं. जाडी चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली, की ती गाय गेली, तिला मारायला न्यायचं. बाकीच्यांचं दूध साठ दिवस वेगळ्या टाकीत जाणार, मग फेरतपासणी. त्यात आणखी एक जरी सापडली, तर सगळा गोठा रिकामा. इथल्या गाईंना सोमवारी इंजेक्शनं देऊन झाली होती, आज मोजायचं होतं.

आणि हा गोठा साधासुधा नव्हता. लागोपाठ तीन वर्षं पिकं हातची गेल्यावर गावाच्या मुख्य रस्त्यावरची निम्मी शटरं खाली आली ती पुन्हा वर गेलीच नाहीत. शाळेत दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसायला लागल्या. चालू होतं ते दूध केंद्र, आणि तिथलं निम्मं दूध या एका गोठ्याचं. हा बंद पडला तर केंद्र बंद, आणि बाकीच्या दहा-बारा घरांनी आपलं दूध ओतायचं कुठे, हा प्रश्नच होता.

एवढंच असतं तरी डॉक्टरबाईने मन घट्ट करून काम उरकलं असतं. पण या गोठेवाल्याने आठवड्यापूर्वी तिला मागणी घातली होती.

तीही कशी, तर एक गाय अडली होती तेव्हा. दोघं गुडघाभर पेंढ्यात बसून वासराचे पाय दोरीने ओढत होते, घामाने निथळत होते, आणि सहा वर्षांत हवापाण्यापलीकडे कधी न बोललेला हा बाबा एकदम म्हणाला, "तुम्ही इथेच राहिलात तर बरं होईल. म्हणजे कायमच्या. म्हणजे, लग्न करून."

"आधी ओढा," ती म्हणाली होती.

वासरू आलं. हात धुताना तिने चार दिवस मागितले. मागायची काही गरज नव्हती, उत्तर तिला तेव्हाच माहीत होतं. अडतिसाव्या वर्षी लगेच हो म्हणायची लाज वाटली, दुसरं काय. आणि दुसऱ्याच दिवशी तो हुकूम दवाखान्यात येऊन पडला.

हुकुमात खाली एक नियम होता, की डॉक्टरने नात्यातल्या माणसाची जनावरं तपासायची नाहीत, होणाऱ्या नात्यातल्याचीही नाहीत. तिने तो दोनदा वाचला. हो म्हटलं, की जिल्ह्याचे डॉक्टर येईपर्यंत थांबायचं, आणि त्यांना सहा आठवडे सवड नव्हती. तोवर रोजचं दूध गटारात. म्हणून तिने ते हो गिळून टाकलं. मी अजून काही बोलले नाही, म्हणजे अजून नातं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. सबब लंगडी आहे हे तिलाही कळत होतं. आणि हे त्याला समजावून सांगणं म्हणजेच हो म्हणणं, त्यामुळे तिथेही तोंडाला कुलूप.

त्याने बिचाऱ्याने चारचे आठ दिवस झाले तरी अवाक्षर काढलं नव्हतं. आपल्याला नकारच मिळाला असं तो समजून चालला होता.

"जीपमध्येच तपासणार आहात का?" फाटकातून आवाज आला. ती त्याची आत्या. गोठेवाल्याचे आईवडील गेल्यापासून हे घर तिने चालवलं होतं, आणि घरात बोलायचं सगळं कामही तीच करत असे. "या बाई. मी वही घेऊन बसलेय. चष्माही पुसलाय."

डॉक्टरबाई उतरली. गोठा धुऊन लख्ख केलेला होता. अठ्ठावीस गाई दोन रांगांत बांधलेल्या, आणि पहिलीजवळ दोर धरून तो उभा. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. तिने ती पाहिली आणि पिशवीतून माप काढलं.

"सुरू करायचं?" त्याने विचारलं.

"करू."

काम ठरलं होतं. आत्याने उलट्या बादलीवर बसून सोमवारचा आकडा वाचायचा, त्याने गाय धरायची, तिने मोजायचं.

"सात," आत्या म्हणाली.

"सात," डॉक्टरबाई म्हणाली. वाढ नाही.

"साडेसहा."

"सात."

"आठ."

"आठ."

एकेक गाय मागे पडत गेली तशी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढतच गेली. एका गाईचं माप बरं आलं, की पुढच्या गाईशी पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या गाईला तिचा आकडा पुटपुटल्यासारखा निघाला. अठराव्या गाईला आत्याचाही आवाज बारीक झाला. तो तर तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, तिच्या बोटांकडे बघत होता.

चोविसावी गाय म्हणजे हेडबाई. कळपातली सगळ्यात जुनी. तिने पाऊल टाकल्याशिवाय बाकीच्या फाटकाबाहेर पडत नसत, म्हणून आत्यानेच तिला हे नाव दिलं होतं. डॉक्टरबाईने तिच्या मानेवर हात ठेवला आणि माप लावण्याआधीच तिला कळलं. बोटांखाली गाठ होती.

"सात," आत्याने वाचलं.

डॉक्टरबाईने माप लावलं. अकरा.

तिने माप काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. अकरा. अकरा उणे सात चार. साडेदहा असते तर गाय वाचली असती, गोठा वाचला असता, साठ दिवसांची टांगती तलवार टळली असती. आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे काय? मापाच्या दांड्या जरा आवळल्या तर सूज दबते. हे तिला जसं माहीत होतं तसं आणखी कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिसऱ्यांदा माप लावताना आपला अंगठा आत चालला आहे हे तिला दिसलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. काटा खाली सरकला.

"दाबताय तुम्ही," तो म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, आत्यालाही ऐकू गेलं नसावं.

"तेवीस गाईंना नाही दाबलंत. नेहमी मोजता तसं मोजा."

तिने वर पाहिलं. दोर हाताला गुंडाळून तो हेडबाईची मान तिच्यासाठी स्थिर धरून होता. काय होणार ते त्याला पुरतं कळलेलं होतं.

तिने अंगठा सैल सोडला.

"अकरा," ती मोठ्याने म्हणाली.

आत्याचं पेन थांबलं. मग तिने आकडा लिहिला.

उरलेल्या चार गाई निर्दोष निघाल्या. त्याचा आनंद कोणालाच करता आला नाही.

नळावर हात धुताना तिने साबण दोनदा लावला. तो हेडबाईजवळच उभा होता. आता त्याला सांगायचं कामही तिचंच होतं.

"उद्या सकाळी गाडी येईल," ती म्हणाली. "ती एकटीच जाईल. बाकीच्यांची साठ दिवसांनी फेरतपासणी."

"तेव्हा तुम्हीच याल ना?"

"नाही. जिल्ह्याचे डॉक्टर येतील. आजच कळवते, म्हणजे त्यांना सवड काढता येईल."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे. मी तेव्हा भलत्याच वेळी विचारलं. तुम्हाला इथे यायलाही अवघड झालं असणार."

आता गप्प राहिलं तर त्याचा हा समज तसाच राहणार होता. आणि बोललं तर तो म्हणू शकत होता, की माझी गाय तुम्ही घालवलीत, आता कसलं लग्न. तीन दिवस आपण ज्याला क्षयाची भीती म्हणत होतो तिच्यात निम्मी भीती ही होती, हे तिला तिथे नळाशी उभं राहून कळलं.

"नात्यातल्या माणसाच्या गाई मला तपासता येत नाहीत," ती म्हणाली. "नियम आहे. होणारं नातं असलं तरी नाही. मागच्या आठवड्यात मी हो म्हणाले असते, तर सहा आठवडे तुमचं दूध कोणी घेतलं नसतं. म्हणून तोंड बंद ठेवलं. साठ दिवसांनीसुद्धा मला येता येणार नाही. म्हणजे, तुमची अजून इच्छा असेल तर."

तो हेडबाईच्या दोराची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.

"अरे, हो म्हणतायत त्या," आत्या बादलीवरून म्हणाली.

"कळलं मला, आत्या." मग त्याने विचारलं, "साठ दिवसांनी आणखी एक निघाली तर? गोठाच राहणार नाही. मग मी कोण, काय करणार, काहीच सांगता येत नाही."

"मला त्याची भीती वाटतेच आहे. आत्ताही वाटतेय."

"मलाही."

त्याने हेडबाईच्या कानामागे खाजवलं. तिने डोळे मिटले.

"गाडी किती वाजता येते?"

"आठला. कागदांवर सही करायला मला यावंच लागेल."

"सही आत्ताच करून ठेवा," तो म्हणाला. "उद्या डॉक्टर म्हणून येऊ नका. नुसत्या या."