नाव विचारणारी मॅडम

मी ऑसिलोस्कोप बोलतोय. अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझ्याइतकी वीज कुणालाच कळत न्हाई. बरं, मलाबी न्हाई कळत. वायरीतून ती कशी नाचत जाते, तेवढं काचेवर काढून दाखवतो, बास. अर्थ मास्तर लोक लावतात, तोबी रोज येगळा.

जन्म दूरच्या कारखान्यातला, पण अक्कल आली ती सेलूच्या एका तंत्रशाळेत. पोरं माझ्या टोकदार वायरीला बोट लावायची. भिंतीतल्या विजेची गुणगुण माणसाच्या अंगात शिरलेली असते, तिच्या लाटा काचेवर उठायच्या. पोरांना वाटायचं, हे आपलं काळीज! एकानं तर वर्गातल्या पोरीलाबी बोट लावायला लावलं, दोघांच्या लाटा जुळतात का म्हणून. जुळल्या. सगळ्यांच्याच जुळतात. मी कशाला सांगू?

पुढं मला चालवणारा कंपनीचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालंना. विभागप्रमुख अमृत सरांनी माझ्या पाठीवर खडूनं फुली मारली. "शनिवारी भंगारवाला येतोय. मॅडम, तोवर चाललं तर ठेवू."

मॅडम म्हंजे सुकेशनी, ताडकळसची. प्रयोगशाळा तिच्याकडं. तिनं ठरवलं, प्रोग्राम आपणच लिहायचा, अन् जगाला उघडा ठेवायचा. कुणीबी वाचा, वापरा, सुधारा. टेबलावरची सगळी यंत्रं तिनं नेटवर्कला जोडली अन् कॉम्प्युटरवरून एकेकाला हाक मारायला लागली.

संध्याकाळी आमी गुणी लेकरांसारखे ओ द्यायचो. सकाळी नुसता गोंधळ! मला विचारलेलं शेजारच्या पॉवर सप्लायला जायचं, अन् तो बावळट 'पीं' करायचा. मी गालात हसायचो. मॅडम बिचारी पुन्हा प्रोग्राम तपासायला बसायची.

"किशनमामा, माघारी कुणी हात लावायलंय का ह्यांना?"

"कोण लावतंय?" शिपाई किशनराव म्हणाले. "जाताना मेन स्विच तेवढा खाली करतो. तुमीच म्हणला व्हता, आग लागंल."

मॅडमनं कपाळाला हात लावला. वीज बंद झाली की आमचे नेटवर्कवरचे पत्ते पुसले जातात. सकाळी जो आधी जागा होईल, तो पहिला पत्ता पटकावतो. ती मला कालच्या घरी शोधत होती, अन् तिथं भाडेकरूच बदललेला!

मग तिनं प्रोग्रामला आपल्याकडची रीत शिकवली. पाव्हणा कुणीबी असो, आधी नाव-गाव विचारायचं, मग कामाचं बोलायचं. आता प्रोग्राम रोज सकाळी दारोदार फिरून विचारतो, 'तू कोण?' ब्राझीलमधल्या एका माणसानं तर त्यात दुरुस्ती करून पाठवली. त्याच्याकडंबी माझाच एक भाऊ हाय म्हणे. ना ओळख ना पाळख, तरी दोघं माझ्यासारख्या थकलेल्यासाठी राबली. मानलं बुवा!

शनिवार उजाडला. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात. अमृत सर येऊन उभे राहिले. प्रोग्रामनं नाव विचारलं, अन् मी मुद्दाम गप्प.

"गेलं हे," सर म्हणाले.

"थांबा सर, जरा. बोलंल."

मी सावकाश नाव सांगितलं, लाट काढून दाखवली. सरांनी रुमालानं खडूची फुली पुसली. टेम्पो मोकळाच गेला.

सगळे पांगल्यावर मी काचेवर ऐटीत एक लाट उडवली. कशी जिरवली सरांची!

मॅडम वाकून माझ्याकडं बघत म्हणाली, "लय शहाणा समजू नको, म्हाताऱ्या. तुझ्या सगळ्या खोड्या प्रोग्राममधी लिहून टाकल्यात मी. आता जग वाचायलंय."