यमकात न बसलेलं नाव

वैशाखाची सांज. ताम्रवर्ण, तप्त, धगधगती. खाडीच्या पाण्यावर मावळतीने शेंदूर ओतला होता, आणि मांडवाच्या झावळ्यांतून तोच लाल उजेड शर्वरीच्या हिरव्या चुड्यावर उतरत होता. अंतरपाटाआड ती उभी होती, हाती हार, ओठ घट्ट मिटलेले. नवरीच्या डोळ्यांत लाज असते म्हणे. हिच्या डोळ्यांत संताप होता.

मंगलाष्टकं काकांनी रचली होती. घराण्याचे कवी ना ते! सकाळी कागद वाचताच तिने विचारलं होतं, "काका, भिकूआत्याचं नाव कुठाय?"

"बसत नाही गं यमकात. सुलोचना, यमुना, प्रार्थना... त्यात भिकू कुठून आणू? आणि मंगलकार्यात असलं नाव बरं नाही दिसत."

असलं नाव! आधीची भावंडं गेली, ही तरी जगावी म्हणून मुद्दाम ठेवलेलं दीन नाव. त्याच आत्याने मातृहीन शर्वरीला वाढवलं. रातांबे फोडून, आमसुलं वाळवून शिकवलं. त्या रसाने तिचे तळवे कायमचे रक्तवर्ण झाले. सुलोचनाकाकू परवा आल्या होत्या, गाडीतून, पाहुण्यासारख्या.

काका गाऊ लागले. नादमधुर, नूपुरमधुर. सुलोचना आली, यमुना आली, ओळीला ओळ किणकिणत भेटली. यमक म्हणजे एका ओळीने दुसरीला घातलेली साद, असं शर्वरी शाळेत शिकली होती. आज त्याच सादेची काकांनी कडी केली होती, भिकूआत्याला दाराबाहेर ठेवणारी. आणि मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, मुठीत अक्षता धरून, भिकूआत्या कान देऊन उभी होती. आपलं नाव येईल, आता येईल, म्हणून.

शेवटच्या कडव्यासाठी काकांनी श्वास घेतला. त्याआधीच अंतरपाटामागून स्वर उठला, त्याच चालीत, धारदार, निखाऱ्यासारखा:

"माझी आय भिकू, तिच्याच पदरी वाढून आले इथे..."

जन्मभर आत्या म्हटलेलीला तिने आय म्हटलं. वृत्त तसूभर ढळलं नाही. नाव चपखल बसलं. मोडलं ते फक्त यमक.

"अगं बाई, नवरीच गाते!" कोणीतरी पुटपुटलं. काकांचा चेहरा उतरला. सारा मांडव जुळणाऱ्या ओळीची वाट पाहू लागला. शर्वरीने ती गायलीच नाही.

ओळ तशीच राहिली, उघडी, एकटी, ताठ. आणि शेवटच्या खांबाशी एक लाल तळवा उघडला, आणि साऱ्यांच्या आधी त्याच्या अक्षता पडल्या.