पाच वाजताची तक्रार

नेविनने फाइल उघडली, पहिली सूचना वाचली आणि हातातला चहाचा कप ओट्यावर आदळला.

गल्लीतली सूचनांची फाइल घरोघरी फिरायची. वाचायची, आपल्या नावापुढे सहीऐवजी शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवून यायची. शिओमी गावात सव्वीस वर्षं काढल्यावर नेविनला कळून चुकलं होतं की ती कुणीच वाचत नाही, नुसता शिक्का मारतात. पण त्या मंगळवारी, एक डिसेंबरला, तिची नजर गेलीच. 'रहिवाशांच्या मताचा आदर राखून, संध्याकाळी पाच वाजता गावातील भोंग्यांवर लागणारी सुरावट आजपासून बंद करण्यात येत आहे.'

रहिवाशांच्या? कुठल्या रहिवाशांच्या? या गावात उघडपणे मत असणारा रहिवासी एकच होता, आणि तो म्हणजे ती स्वतः.

यात फुशारकी काही नव्हती. तुर्कस्तानातल्या इझमिरहून लग्न करून आलेली ही बाई दर मंगळवारी साडेचार ते पाच गावच्या छोट्या रेडिओवर बोलायची, आणि कशावरही बोलायची. तांदळाचे भाव, टोकियोतली मंत्रिमंडळं, एका सफरचंदाला तीन वेष्टनं, रजा शिल्लक असून ऑफिसात बसून राहणारे नवरे. गावाला ते भारी आवडायचं. गंमत अशी की त्यातल्या निम्म्या तक्रारी तिच्या नसायच्याच. मासळीवाला कोळंबी बांधता बांधता हळूच म्हणायचा, "नेविन-सान, त्या बंदरावरच्या नव्या दिव्यांबद्दल जरा बोला ना. तुम्ही बोललात तर चालतं." देवळातले पुजारीसुद्धा असंच काहीबाही कानात सांगून जायचे. परदेशी बाईचं तोंड सगळ्या गावाला आयतं मिळालं होतं. तिलाही ते वाजवायची हौस होतीच, खोटं कशाला बोला.

भोंग्याचंही असंच झालं. ऑक्टोबरात शेजारचे हाचिरो आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले होते, "त्या पाचच्या भोंग्याचा शेवटचा सूर फुटका आहे. कुणीतरी रेडिओवर बोला की." झालं! नेविनने त्याला अशी काही फोडणी दिली की विचारू नका. "सव्वीस वर्षं तो फुटका सूर ऐकतेय! रोज माझ्या हातातली सुरी उडते! एकदाचा बंद करा तो भोंगा!" रेडिओवाला शिराइशी पोट धरून हसला होता.

गावात सगळेच हसले होते. हसली नव्हती ती फक्त नगरपालिका.

"आपलं मत आम्ही अतिशय गांभीर्याने घेतलं," नगरपालिकेच्या खिडकीमागचा कारकून मुकाई उठून, कमरेत वाकून म्हणाला.

"अहो, चेष्टा करत होते मी!"

मुकाईने रजिस्टर उघडलं. बोट वरून खाली नेलं. "चेष्टा असा रकाना नाही आमच्याकडे."

"पण मला आवडतो तो भोंगा. पाच वाजले की मी भात लावते. सगळं गाव लावतं!"

"तसं कुणी कळवलेलं नाही. एकतीस वर्षांत या सुरावटीबद्दल आलेलं हे एकमेव मत. विरुद्ध एक, बाजूने शून्य."

"मग मी माझं मागे घेते. आत्ता, या क्षणी."

"जरूर. मग शून्य विरुद्ध शून्य. पण निर्णय झालेला आहे. तो बदलायला दुसरी मतं लागतील. लेखी, शिक्क्यासकट." त्याने अजिजीने पुढे जोडलं, "एकापेक्षा जास्त."

"म्हणजे दोन?"

"दोन चालतील," मुकाई म्हणाला, पण त्याचा चेहरा असा पडला होता की जणू दोन हत्ती मागितले.

दोन! नेविन जवळजवळ नाचतच बाहेर पडली. दोन मतं काय, दुपारच्या आत वीस आणून टाकीन! तिने मासळीवाल्याला गाठलं. त्याचा कुत्रा रोज भोंग्याबरोबर गळा काढायचा, आणि त्याच वेळी गिऱ्हाइकं जमायची. मासळीवाला मान तिरकी करून म्हणाला, "आता ठरलंच आहे म्हटल्यावर…" न्हावी म्हणाला, "माझ्या एकट्याच्या म्हणण्यावरून कशाला?" पुजारी म्हणाले, "बघूया." शिओमीत बघूया म्हणजे नाही. सगळ्यांना वाईट वाटत होतं, सगळे उसासे टाकत होते, आणि कागदाला हात लावायला एकजण तयार नव्हता. नेविनचं डोकं असं तापलं की त्यावर मासे भाजता आले असते.

तीन वाजता ती किसाआजींकडे पोहोचली. हाचिरो आजोबांची ही बायको, ब्याऐंशी वर्षांची. दारात बसून त्या गुडघ्याला पट्टा बांधत होत्या, शेजारी काठी आणि विजेरी.

"कुठे निघालात आजी?"

"वर. बागेत. ह्यांना आणायला."

"तुम्ही? त्या चढावर? ह्या गुडघ्यांनी?"

किसाआजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगायचं नाही हं. वर्ष झालं, ह्यांच्या काही लक्षात राहत नाही. जेवले का, कुठला महिना, काही नाही. पण हात संत्री खुडतात अजून, चुकत नाहीत. आणि पाचचा भोंगा वाजला की पाय आपोआप खाली वळतात. एकतीस वर्षांची सवय ना. त्या जिवावर तर मी त्यांना एकटं सोडते." पट्टा परत सुटला. "मुलगा तिकडे मात्सुयामा शहरात बोलावतोच आहे. एकदा जरी बाबा अंधारात चुकले ना, तर घर बंद करून दोघांना नेणार म्हणालाय. वृद्धाश्रमात नावसुद्धा घालून ठेवलंय. बागेशिवाय हे आठ दिवस जगायचे नाहीत गं."

नेविनने झटकन कागद-पेन पुढे केलं. "आजी! हेच लिहून द्या! दोन ओळी! मी आत्ता पळत नेऊन देते!"

"छे छे! आमच्या म्हाताऱ्यासाठी अख्ख्या गावाच्या कानाला त्रास? तुला तरी केवढा व्हायचा, सुरी उडायची म्हणे हातातली."

हे किसाआजी टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. मनापासून बोलल्या होत्या, आणि म्हणूनच नेविनला कुठे तोंड लपवू असं झालं. "आजी, तुम्ही चढू नका. मी करते काहीतरी," ती म्हणाली.

"रेडिओवर आमचं नाव काढायचं नाही. शपथ घे."

"घेतली! पण तुम्ही बसा!"

साडेचारला ती मासळी बाजाराच्या माडीवरच्या त्या खुराड्यात घुसली आणि शिराइशीने नमस्कार करायच्या आत माइक ओढून घेतला.

"शिओमीकरांनो, मी चुकले! सपशेल चुकले! मला तो भोंगा हवाय. फुटक्या सुरासकट हवाय. तुम्हालाही हवाय, मला माहीत आहे, सकाळपासून तुमचे उसासे मोजतेय मी! इतकी वर्षं तुमच्या तक्रारी माझ्या तोंडाने बोललात. आज एकदा तुमच्या तोंडाने बोला. फोन करा, कागद मी येऊन नेते. सव्वापाचला नगरपालिका बंद होते. दोन माणसं पुरे आहेत. अख्ख्या गावात दोन नाहीत?"

फोन गप्प होता. शिराइशीने एक जाहिरात लावली, मग दुसरी. नेविनने रिसीव्हर उचलून पाहिला, चालू होता. पावणेपाच झाले. काचेपलीकडे संत्र्यांच्या पायऱ्या पायऱ्यांची टेकडी काळसर व्हायला लागली होती, आणि घाटाच्या पहिल्या वळणावर एक विजेरी हलत होती. वाकलेली, थांबत थांबत वर जाणारी. म्हातारीने ऐकलंच नाही!

पाच वाजले.

काही झालं नाही. खांबावरचे भोंगे मुके राहिले. खाली मासळीवाल्याचा कुत्रा मान वर करून बसला होता. त्याने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा मालकाकडे, आणि गळा न काढताच परत खाली बसला. रस्त्यावर दोनचार माणसं उगाच घड्याळाकडे बघत थबकली.

आणि त्याच क्षणी नेविनला बागेतले रेडिओ आठवले. रानडुकरं येऊ नयेत म्हणून प्रत्येक बागेत संत्र्याच्या फांदीला एक जुना रेडिओ टांगलेला असतो, दिवसभर चालू. टेकडीमागे दुसरं कुठलंच स्टेशन लागत नाही. सगळे रेडिओ इथलेच! सगळ्या टेकडीवर, या क्षणी, टोमॅटो सॉसची जाहिरात चालली होती!

"बंद कर ते!" ती किंचाळली.

"काय?"

"जाहिरात! बंद कर! माइक दे!"

आणि तिने गायला सुरुवात केली.

त्या सुरावटीला शब्द नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंनी ती बांधली होती. नेविनने नुसतं ला ला ला धरलं. गळा तिचा मुळातच जाडाभरडा, त्यात दिवसभर ओरडून बसलेला. दुसऱ्या ओळीला ती इतकी वर चढली की शिराइशीने डोळे मिटून घेतले. तिसरी ओळ आठवलीच नाही, म्हणून पहिली परत म्हटली. कुणी हसो, कुणी कानावर हात ठेवो, ती डोळे टेकडीवर लावून गात राहिली. एकदा, दोनदा, तीनदा. खाली कुत्र्याने अखेर गळा काढला, आणि तोही तिच्यापेक्षा सुरात होता.

मग ती जिना उतरून सुटली ती थेट घाटाकडे. दुसऱ्या वळणावर किसाआजी काठीवर रेलून उभ्या होत्या, आणि वरून पाठीला टोपली बांधलेले हाचिरो आजोबा, रोजच्याच चालीने, सावकाश उतरत होते.

"आज भोंग्याला काय झालंय?" ते म्हणाले. "सर्दी झालीय बहुतेक."

किसाआजी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा गळ्यातला रुमाल लावला. नेविन तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. तिला एवढा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बुधवारी पाचला ती परत गायली. गुरुवारीही. "डुकरांची अजून तक्रार नाही," शिराइशी म्हणाला आणि माइक पुढे सरकवला.

शुक्रवारी सकाळी दहाला मुकाई स्वतः तिच्या दारात उभा राहिला. काखेत जाडजूड फाइल, कपाळावर घाम.

"नेविन-सान, फार वाईट वाटतं सांगायला. तुमच्याविरुद्ध तक्रारी आल्या आहेत."

"माझ्याविरुद्ध? किती?"

"सदतीस. लेखी, शिक्क्यासकट. नगरपालिकेच्या इतिहासात एवढ्या कधी आल्या नव्हत्या."

नेविनने फाइल हिसकावूनच घेतली. मासळीवाल्याने लिहिलं होतं, सदर बाईंच्या गायनाने कुत्रा जेवत नाही, तरी पूर्वीची सुरावट चालू करावी. न्हाव्याने लिहिलं होतं, पाच वाजता वस्तरा चालवणं धोक्याचं झालं आहे, तरी पूर्वीची सुरावट चालू करावी. पुजाऱ्यांनी दीड पान लिहिलं होतं, वळणदार, आणि शेवट तोच. ज्यांच्या तोंडून मंगळवारी बघूयापलीकडे शब्द निघाला नव्हता, त्यांना तक्रार म्हटल्यावर कसा कंठ फुटला होता! नेविन एकेक कागद मोठ्याने वाचत होती आणि हसून हसून तिला धाप लागत होती. मुकाई गोंधळून उभा होता.

सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात आधी आलेला कागद बुधवारी सकाळचा होता. अक्षर थरथरतं, शिक्का ठळक. 'शेजारीण फार बेसूर गाते. तिचा घसा बसेल. कृपया भोंगा सुरू करावा, आजच.' खाली नाव, किसा.

आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने गावाकडे काही मागितलं होतं. नेविनचं हसू थांबलं. तिने तो कागद दोन्ही हातांनी मुकाईला परत दिला.

"नगरपालिकेने आजपासून सुरावट पूर्ववत केली आहे," तो म्हणाला. "आपली काही हरकत?"

"मुळीच नाही!"

त्या संध्याकाळी पाचला भोंगे वाजले, सगळे एकदम, समुद्रापासून टेकडीपर्यंत. कुत्र्याने गळा काढला. नेविनने तांदूळ धुऊन भाजी चिरायला घेतली होती, आणि शेवटच्या फुटक्या सुराला तिच्या हातातली सुरी नेहमीसारखी उडाली. ती कुंपणापाशी धावली. हाचिरो आजोबा टोपली घेऊन खाली येत होते.

तिच्यापाशी येऊन ते थांबले. दोन संत्री काढून तिच्या हातात ठेवली आणि खांबाकडे बोट केलं.

"त्या भोंग्याचा शेवटचा सूर फुटका आहे," ते म्हणाले. "कुणीतरी रेडिओवर बोला की."

नेविनने एक अख्खं संत्रं सोलून फोडी तोंडात कोंबल्या आणि चावत राहिली.