मुदत वाढवलेल्या छत्र्या

सुनावणी अकराला होती, पण थोरलीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. चहा केला, तो गार झाला. पुन्हा गरम केला, पुन्हा विसरली. टाइप केलेला कागद पर्समध्ये घातला, बाहेर काढून वाचला, परत घातला.

"बस की जरा," आई म्हणाली. "तुला बघून मलाच दम लागायला लागलाय."

संसदेची एक समिती शहरोशहरी फिरून लोकांना विचारत होती, की देशाने सैन्यावर किती खर्च करावा. आज त्यांच्या शहराची पाळी होती आणि बोलणाऱ्यांच्या यादीत एकाच घरातली दोघं होती. धाकटा भाऊ सरकारी दवाखान्यात मुलांचा डॉक्टर. तो खर्च कमी करा म्हणणार होता. थोरली पॅराशूटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शिवण तपासत होती. ती खर्च वाढवा म्हणणार होती. निदान कारखान्याच्या साहेबांनी हातात ठेवलेल्या कागदावर तरी तसं लिहिलं होतं.

"माझ्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पोरं आहेत, ताई," धाकटा बूट घालता घालता म्हणाला. "आणि तुमची विमानं संचलनात रंगीत धूर सोडत फिरतात."

"विमानं माझी नाहीत. मी छत्र्या बघते."

"त्या विमानांतूनच पडतात ना?"

"पडत नाहीत," ती फाडकन म्हणाली. "उतरतात."

"आता दोघंही तिकडेच जाऊन भांडा," आई म्हणाली.

तिच्या जिवाची घालमेल मात्र धाकट्यामुळे नव्हती. छत्रीच्या कापडाला वय असतं. बारा वर्षं झाली की एकदाही न उघडलेली छत्रीसुद्धा बाद. दोन वर्षांपूर्वी नवं कापड यायचं थांबलं आणि वरून हुकूम आला: जुन्या छत्र्या तपासा, चांगल्या दिसतील त्यांची मुदत तीन वर्षांनी वाढवा. थोरलीने डोळ्यांत तेल घालून तपासल्या. पण शिवण डोळ्यांना दिसते, धाग्याचं म्हातारपण दिसत नाही. एकशे चाळीस छत्र्यांवर तिने स्वतःच्या नंबरचा शिक्का मारला. मग गेल्या महिन्यात त्याच वयाच्या कापडाचा एक तुकडा तिने यंत्रावर ताणून पाहिला, तर तो ठरलेल्या ताणाच्या अर्ध्यावरच फाटला. साहेबांना दाखवला.

"एका तुकड्याचं काय एवढं घेऊन बसलात?" साहेब म्हणाले.

तेव्हापासून डोक्यावरून विमान गेलं की ती हातातलं काम सोडून वर बघत राहायची.

शाळेच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. धाकटा झकास बोलला. खाटा, औषधं, नर्सबाई, सगळं तोंडपाठ. टाळ्या पडल्या. मग थोरलीचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेतून साहेबांनी मान डोलावली.

"शत्रू दाराशी उभा असताना हात आखडता घेणं..." तिने वाचायला सुरुवात केली आणि थांबली.

"चष्मा हवाय का हो?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"दिसतंय सगळं," ती म्हणाली आणि कागद खाली ठेवला. "दोन वर्षांपूर्वी सैन्याचा खर्च कमी झाला, तेव्हा सगळ्यात आधी आमचं कापड बंद झालं. गेल्या वर्षी खर्च वाढला, तरी कापड आलं नाही. भाऊ म्हणतो कमी करा, साहेब म्हणतात वाढवा. किती, ते तुम्ही ठरवा. मला तेवढं कळत नाही. पण ज्याला तुम्ही विमानातून उडी मारायला सांगता, त्याच्या पाठीवर मुदत संपलेलं कापड आहे. एवढं मला माहीत आहे."

हशा कुठल्या कुठे विरला. समितीच्या अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "ते वापरण्याजोगं आहे, असं कुणी ठरवलं?"

साहेब अर्धवट उठले.

"हुकूम वरून आला," थोरली म्हणाली. "शिक्का माझा."

दुसऱ्याच दिवशी शिक्का काढून घेतला आणि तिला घरी बसवलं. छत्र्या चाचणीला गेल्या, सैन्यातल्या उड्या थांबल्या, काम नसल्याने कारखान्यातली अर्धी यंत्रं बंद पडली. तिच्या शेजारी वीस वर्षं डबा खाल्लेली मैत्रीण चिमणी बसथांब्यावर दिसली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

धाकटा मात्र वर्तमानपत्र नाचवतच आला. "बघ, काय छापलंय! मी वार्ताहरांना सांगितलं, सैन्याचा पैसा कसा वाया जातो ते माझ्या बहिणीनेच दाखवून दिलं."

"मी कमी करा म्हटलं नव्हतं."

"अर्थ तोच ना?"

"अर्थ तू लावलास!" तिच्या अंगाची लाही लाही झाली. "तुझ्या वॉर्डात खाटा नाहीत म्हणून त्या उडी मारणाऱ्या पोराचं कापड कापायचं? तोही अशाच एखाद्या वॉर्डात जन्मलाय."

धाकट्याने वर्तमानपत्राची घडी केली. मग हळूच म्हणाला, "मग माझ्या पोरांनी कुणाकडे मागायचं, ताई?"



चार महिन्यांनी समितीचा अहवाल आला. एकूण खर्च होता तेवढाच राहिला. कापडाची रक्कम मात्र वेगळी काढली, ती दुसरीकडे वळवता येणार नव्हती. एकशे चाळीसपैकी एकोणीस छत्र्या चाचणीत फाटल्या होत्या. थोरलीने तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. त्या एकोणीस घेऊन आधी कुणी उडी मारली होती का, ते कुठेच लिहिलं नव्हतं. तिने सगळी पानं उलटून पाहिली.

तिला कामावर परत घेतलं, पण तपासणीवर नाही. यंत्रावर बसवलं, सरळ शिवण मारायला. तपासणीच्या टेबलाशी आता एक नवीन मुलगी होती. चिमणी दोन आठवडे बोलली नाही; तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "सरक जरा, उजेड अडतोय."

नव्या कापडाचे तागे आले त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे उजळले. थोरलीने पहिला पट्टा यंत्राखाली घेतला. हातभर शिवण गेली असेल नसेल, तिच्या बोटांना एक ओढला गेलेला धागा लागला.

"चालू दे की," चिमणी पुटपुटली. "आता ते तुझं काम नाही. नुकती कुठे घडी बसतेय."

थोरलीने यंत्र थांबवलं. काचेआड साहेबांनी मान वर केली. ती पट्टा दोन्ही हातांत धरून उठली आणि त्या नव्या मुलीच्या टेबलाकडे निघाली.