चार भरत्या

रावजीनं लाथ मारली ती राळेच्या कढईला. कढई उलटली, उकळती राळ वाळूत पसरली, आणि हैबती पाय उचलून मागं सरकला. वैशाखातली दुपार होती. ओहोटीनं सावित्रीचं पाणी पार मधल्या धारेला गेलं होतं आणि महाडच्या खालच्या अंगाला, काठाच्या तापल्या वाळूत, रावजीचा पडाव, माल वाहायची मोठी होडी, एका कुशीवर कलंडून पडला होता.

"उद्या सांजेला मला पडाव पाण्यात पायजे," रावजी म्हणाला. "कापूस कचकचून ठास, वर डांबर फास, नि मोकळा हो. तुझी ती बुडवाबुडवी नको."

"उद्या नाय व्हायचा," हैबती कढईकडं बघत म्हणाला. "आणि डांबर काय करील रे? दुखणं रेड्याला नि डाग पखालीला."

काठावर चारदोन माणसं होती, ती हसली. ते हसणंच बाधलं. रेती आणि कौलं वाहणारे तीन पडाव रावजीचे होते. हसू ऐकायची सवय त्याला नव्हती.

हैबतीची रीत साऱ्या खोऱ्याला ठाऊक होती. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं. तेव्हा फळ्यांच्या सांध्यात कापूस गच्च ठासला, तर पावसाळ्यात फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही आणि खिळे उपटून येतात. म्हणून हैबती कापसाच्या वाती जरा सैल बसवायचा, वर राळ आणि मासळीचं तेल द्यायचा, आणि मग नीट केलेल्या होडीत धोंडे भरून ती सरळ नदीत बुडवायचा. चार भरत्या तिच्यावरून जाऊ द्यायच्या. दोन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगे आणि सांधे आपसूक मिटत. नवं गिऱ्हाईक हे बघून कपाळाला हात लावी. "अरे, दुरुस्तीला दिली का जलसमाधीला?" म्हणून बोंबलायचं. पण एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं नव्हतं. बाणकोटच्या खाडीकडनंसुद्धा होड्या वर यायच्या.

"तुझ्या पडावाला ह्याच्या आदी कुणी हात लावलाय," हैबती म्हणाला. हातातल्या मोगरीच्या दांड्यानं त्यानं फळीवर ठोकलं आणि कान लावला. "बाहेरनं माणूस आणलायस ना? त्यानं ठासलंय हे. सगळं उकलाया लागंल. आठ दिस."

"तोच माणूस मी आता हितं बसवणार. तुझ्या शेजारी. कुशाबाची ती माणसं वाहायची तरसुद्धा त्याच्याकडं जाईल, बघ तू."

"जाऊ दे की. कुशाबाला पोहता येतंय."

लोक पुन्हा हसले. रावजीनं पडावाला टेकवलेलं वल्हं उचललं आणि हैबतीच्या बरगड्यांवर घातलं. म्हातारा बसकण मारून खाली आला. त्यानं टेकायला उजवा हात पुढं केला. तो हात रावजीच्या गड्यानं पायाखाली धरला, आणि रावजीनं त्याचीच मोगरी उचलून त्याच्यावर तीनदा मारली. आवाज लाकडावर मारल्यासारखाच आला.

हैबतीची लेक तुळसा काठावरच्या छपरात वाती वळत होती. तिचा नवरा मुंबईला गोदीत गेला तो परत आला नाही, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून ती बापाकडंच होती. ती ओरडली नाही. चुलीतलं पेटतं लाकूड तिनं ओढलं आणि धावत जाऊन रावजीच्या मानेवर आडवं हाणलं. कल्ल्यांचे केस चरचरून जळाले. दुसरा तडाखा गड्याच्या तोंडावर बसला. दोघं मागं हटले, पाण्यात शिरले आणि तिथनं शिव्या देत राहिले.

हसलेली चारदोन माणसं तोवर घरी गेली होती.

फौजदारापुढं साक्ष द्यायला कोणी उभं राहीना. काठावरच्या प्रत्येकाच्या घरी रावजीची रेती नाहीतर कौलं यायची. शेजारची बनुबाई तेवढी हळद घेऊन आली आणि हैबतीचा हात बांधता बांधता म्हणाली, "मी सांगते फौजदाराला. बाईची साक्ष चालत नाय का?"

"चालते गो," हैबती कण्हत म्हणाला, "पन मग तुझ्या घरावरची कौलं कोण देनार?"

पंधरा दिवसांत छपरापुढचा काठ मोकळा झाला. दोन होड्या रावजीनं आणलेल्या माणसाकडं गेल्या. तिसरी तुळसेच्या डोळ्यांदेखत तिच्या छपरापुढनं ओढत नेली आणि ओढणाऱ्यानं मान वर केली नाही. हैबती बाजेवर पडून होता. हात काळानिळा झाला होता, पण त्याचं खरं दुखणं छातीत होतं. खोकला आला की तोंडाला रक्त यायचं.

मग कुशाबा आला. पैलतीरावरची माणसं बाजाराला आणणारी होडी, गावाची तर, त्याचीच होती, तीस वर्षं हैबतीच्या हाताखालची. तो दारात बसला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"बोल की रे," हैबती म्हणाला.

"काय बोलू? आठ दिसांत तर पाण्यात पायजे. तुझा हात हा असा."

"हात तिचा हाय."

कुशाबानं तुळसेकडं पाहिलं. "वासरात लंगडी गाय शहाणी. हैबती, माझ्या तरीत पोरंबाळं बसतात. बाजारची माणसं बसतात. बाईच्या हातची तर... लोक काय म्हनतील?"

"कुशाबाकाका," तुळसा म्हणाली, "सात वर्षं तुमच्या तरीच्या वाती कोणी वळल्या? राळ कोणी कढवली? बाबांनी ठोकलं, ते शेवटचं. आदीचं सगळं माझं. तर गळली, तर हे छप्पर मी माझ्या हातानं पाडीन नि उमरठला चुलत्याकडं शेण काढाया जाईन. हा काठ रावजीला मोकळा."

"पाडशील?"

"पाडीन."

कुशाबानं तंबाखू मळली आणि कानामागं हात पुसला. "आन मग उद्या ओढून," तो उठता उठता म्हणाला.

आठ दिवस ती तरीखाली उताणी पडून होती. फळी ठोकायची आणि हाक द्यायची. बाजेवरून हैबती आवाज ऐकायचा. "ती फळी मेली. काढ." पुन्हा ठोका. "ती हाय अजून. तिची वात सैल बसव. सैल, गो! लाकडाला फुगाया जागा ठेव. माणसालाबी लागते." कुठं चुकली की डाव्या हातानं जे मिळेल ते फेकून मारायचा. एकदा तांब्या तिच्या कपाळाला लागला आणि रक्त आलं. तिनं पदरानं पुसलं आणि ती वात काढून पुन्हा बसवली. बापानं तिला पोटभर शिकवलं ते त्या आठ दिवसांत. त्याआधीची सारी वर्षं, तो ठोकत असताना, तिनं नुसती त्याच्या हाताकडं बघण्यात काढली होती.

सोमवारी सकाळी कुशाबाच्या गड्यांनी तरीत धोंडे भरले आणि ती बुडवली. दुपारी पहिली भरती तिच्यावरून गेली. रात्री दुसरी. मंगळवारी उजाडताना तुळसा पेज घेऊन बाजेशी गेली, तर हैबती भिंतीकडं तोंड करून होता आणि अंग गार होतं.

चुलतभाऊ मुरारीनं अग्नी दिला. बायका मसणात जात नाहीत. तुळसा छपराच्या मेढीला पाठ लावून धूर बघत बसली. बनुबाई तिच्या हाताला धरून होती. बापाची पटाशी, वाकस, वातींची टोपली समोर होती. दहा दिवस त्यांना शिवायचं नव्हतं. सुतक होतं.

हेच रावजीला पुरलं.

दिवस कलताना ओहोटी लागली आणि तरीचा काठ पाण्याबाहेर दिसू लागला. तेव्हा तो दहाबारा माणसांना घेऊन आला. मधे कुशाबा होता, चेहरा पडलेला.

"करनारा गेला सरणावर नि तर हाय नदीच्या तळाला," रावजी मोठ्यानं म्हणाला. "बाई सुतकी. सुतकात होडीला शिवायचं नाय. मग वर काढनार कोण? कुशाबा, काढ ती आत्ता. तळाला भगदाडं असतील. माझा माणूस ठासून देईल दोन दिसांत."

"तीन झाल्या," तुळसा उभी राहून म्हणाली. "एक भरती राहिलीय, काका. सकाळच्या ओहोटीला काढा. आत्ता काढली तर गळंल."

"बघा! आत्ताच म्हनते गळंल."

कुशाबाचं डोकं फिरलं. तीस वर्षांचं नातं सकाळी जळून गेलं होतं आणि पोटाचं साधन पाण्याखाली होतं. त्यानं पुढं होऊन तुळसेच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फाटला. ती हलली नाही.

"मारा अजून," ती म्हणाली. "बाबा असते तर त्यांनीबी मारलं असतं. पण सकाळच्या ओहोटीला काढा."

कुशाबाचा हात तसाच वर राहिला, मग खाली आला. तोवर रावजीचे दोन गडी पाण्यात शिरले होते आणि तरीतले धोंडे उचलून बाहेर टाकायला लागले होते. तुळसा धावली, पाण्याच्या कडेला थबकली. तर चार हातांवर होती आणि तिला शिवायचं नव्हतं. रावजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता. "ये की, शिव! सुतकी बाईनं शिवलेल्या तरीत कोण बसतंय ते बघू!"

"तरीला शिवायचं नाय," तुळसा म्हणाली, "तुला शिवायचं नाय असं कोणी सांगितलंय?"

पायाशी पडलेला धोंडा तिनं दोन्ही हातांनी उचलून फेकला. तो रावजीच्या खांद्यावर बसला. दुसरा कानशिलावर. तो पाण्यात कोसळला, उठला, तोंडातनं रक्त थुंकत तिच्याकडं निघाला, तर काठावरून बनुबाई कोयता घेऊन उतरत होती. "ये रे, ये! आमच्या घरावर कौलं नसली तरी चालतील!" म्हातारी किंचाळत होती. आणि का कोण जाणे, त्या किंचाळण्यानं कुशाबा जागा झाला. तोही पाण्यात शिरला, त्यानं एका गड्याच्या मानगुटीला धरलं आणि त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं, दुसऱ्यानं हातातला धोंडा परत तरीत टाकेपर्यंत सोडलं नाही.

"एक भरती," कुशाबा धापा टाकत म्हणाला. "तुझ्या बापाखातर एक भरती दिली तुला, पोरी. पन उद्या गळली तर छप्पर मीच पाडीन."

बुधवारी सकाळी निम्मा गाव काठावर होता. तुळसा लांब उभी राहिली, हात पाठीमागं धरून. धोंडे कुशाबानं स्वतः काढले. पाणी उपसलं. तर रिकामी झाली, पण ती अजून चिखलात रुतलेली होती. खरं काय ते पाणी चढल्यावर कळणार होतं. दोन तास सगळे उन्हात बसून राहिले. भरती आली, तरीच्या पोटाला लागली, वर चढली. तर हलली आणि उचलली गेली. कुशाबा आत उकिडवा बसला होता, तळाच्या सांध्यांवरून हात फिरवत. तो किती वेळ तसा फिरवत होता! मग त्यानं तळवा वर करून काठावरच्यांना दाखवला. कोरडा होता.

"बसा रे," तो ओरडला, "बाजार हाय आज!"

पहिली बनुबाई बसली.

दहावा झाला आणि छपरापुढं होड्या लागल्या. आषाढात रावजीचा तो पडाव वळणाच्या डोहाशी फुटला. फळ्या फुगल्या, खिळे उपटले, भाताच्या पोत्यांसकट तळ सुटला. एका खलाशाचं प्रेत दोन दिवसांनी खाली झुडपांत सापडलं. बाहेरून आणलेला माणूस त्याच रात्री गाव सोडून गेला.

दिवाळी झाली आणि रावजीनं उरलेल्या दोनांपैकी एक पडाव ओढून आणला तो तुळसेच्या छपरापुढं. मानेवरचा डाग पांढरा पडला होता. "दुसरा कोणी हात लावीना," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

बनुबाई म्हणाली, "हाकल त्याला. नायतर मी हाकलते."

तुळसेनं पडावाभोवती एक फेरी घातली. प्रत्येक फळी ठोकली. "पंधरा दिस," ती म्हणाली. "मग चार भरत्या."

ते पंधरा दिवस तिला बापाच्या मरणाहून जड गेले. पडावाखाली उताणी पडली की तळाचा प्रत्येक सांधा तिच्या तोंडापाशी असायचा. एक वात कमी घालायची, राळेचा वरून नुसता हात फिरवायचा. कोणाला कळलं असतं? पण त्या पडावात रावजी एकटा बसणार नव्हता. ती दात आवळून वात बसवायची, सैल, लाकडाला फुगायला जागा ठेवून. आणि संध्याकाळी आपल्या हातांकडं बघायची, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे होते.

चार भरत्या झाल्या, पडाव उपसला, तरंगला. तळाला थेंब नव्हता.

रावजी काठावर उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं. "काय केलं नायस ना गो?" त्यानं हळूच विचारलं.

"बसून बघ," तुळसा म्हणाली.

सगळा काठ बघत होता. रावजीनं एक पाय पाण्यात टाकला. पडावाच्या काठाला हात लावला, पुन्हा काढला. मग गड्यांना म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी येतो मागनं."

तो पडाव पुढं अकरा वर्षं चालला, पूल होईपर्यंत, आणि एकदाही गळला नाही. रावजीनं त्यात पाय ठेवला नाही. पैलतीराला जायचं झालं की तो कुशाबाच्या तरीत, बाजाराच्या बायकांत, टोपल्यांच्या मधे बसून जायचा, आणि काठावरनं कोणी ना कोणी विचारायचंच, "काय रावजीशेट, आपला पडाव कुठं हाय?"