फॉर्म नंबर एक

जेबा मॅडमनी गठ्ठ्यावरचा पहिला फॉर्म काढून टेबलाच्या कडेला ठेवला. पंजाबरावांनी तो उचलला, कोपरे जुळवले आणि परत गठ्ठ्यावर ठेवला.

“काका, तीनदा झालं हे.”

“चवथ्यांदाही ठेवीन, मॅडम.”

खिडकीपाशी बसलेली हर्षा फाइलीआड हसली. तिची तोंडी परीक्षा सकाळीच आटोपली होती, पण काकांचं काय होतं ते पाहिल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती. अख्ख्या वर्गात त्रेसष्ट वर्षांचा विद्यार्थी एकच. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा नवे प्राध्यापक समजून सगळी पोरं उठून उभी राहिली होती.

“नियम मी केलेले नाहीत,” मॅडम म्हणाल्या. त्या पंजाबरावांच्या मार्गदर्शक, पण त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. “प्रश्नावली तपासायला भरलेला फॉर्म प्रबंधाला जोडत नाहीत. त्यातून हा तुमच्याच घरचा. बाहेरचे परीक्षक ठोंबरे सर अकोल्याहून आलेत. मागच्या वर्षी त्यांनी एका मुलीला याहून लहान कारणासाठी सहा महिने मागे पाठवलं. दोन वर्षांची मेहनत आहे तुमची. हट्ट सोडा ना.”

“सहा महिने तं सहा महिने. मले कुठं नोकरीले लागायचं आहे?”

“ना लग्न जमवायचं आहे,” हर्षा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“बरोबर बोलली पोरगी,” पंजाबराव म्हणाले.

मोर्शीजवळच्या गावात त्यांनी पस्तीस वर्षं टपाल वाटलं. नोकरीतच बी.ए. केलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून ते बायकोला, सुभद्राबाईला, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगू लागले, तेव्हा तिनंच पेपरातली जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. उपयोजित सामाजिक शास्त्र, आंतरविद्याशाखीय एम.ए., वयाची अट नाही.

“जा, तिकडं विचारा लोकायले प्रश्न,” ती म्हणाली होती. “मले सोडा.”

पण पहिले प्रश्न त्यांनी तिलाच विचारले. विषय होता संत्रा बागेतली फवारणी आणि घरच्या माणसांची तब्येत; त्यांच्या घरचीही बाग होतीच. ओट्यावर चष्मा लावून बसले आणि साहेबासारखा फॉर्म भरला. पुढं दिवाळीच्या आधी ती गेली. किडन्या गेल्या एवढं डॉक्टर म्हणाले. कशानं गेल्या, ते कोणी सांगितलं नाही. तेरवी झाल्यावर मुलगी प्रणाली म्हणाली, “बाबा, पुरे झालं कॉलेज. अकोल्याले चला माझ्याकडं.” पुढच्या सोमवारी पंजाबरावांनी अमरावतीची बस धरली.

गावोगाव फिरून त्यांनी आणखी तीस घरचे फॉर्म भरले. ‘फवारणीच्या कामात सहभाग’ या प्रश्नाला तीसही बायकांनी नाही म्हटलं. एकतिसावं घर दुर्गाबाईचं. तिच्या नवऱ्यानं आधीच सांगून टाकलं, “बाया काई करत नाही फवारणीत.” दुर्गाबाईही नाही म्हणाली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. तिची नखं पिवळी होती, मुळापर्यंत. अशी नखं पंजाबरावांनी रोज पाहिली होती, सुभद्राबाई तव्यावर भाकरी उलटवायची तेव्हा.

“दुर्गाबाई, ड्रममंधी औषध कोण कालवते?”

“मीच. अजून कोण?”

“काडीनं?”

“काडी मोडली का मंग हातानं.”

“मंग मघाशी नाही कावून म्हणाल्या?”

“आता बाई!” दुर्गाबाई हसली. “फवारणी हे करतात ना. गन यायच्या हातात रायते.”

नवरा म्हणाला, “अन् नळी ओढते तेही लिहून घ्या आता. फोटोही काढा.”

“लिहून राहिलो,” पंजाबराव म्हणाले.

त्यांनी प्रश्न बदलले. पाणी कोण आणते, औषध कोण कालवते, नळी कोण ओढते, फवारणीचे कपडे कोण धुते. आधीच्या तीसही घरी ते परत गेले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं बायको गेल्यापासून ध्यान ठिकाणावर नाही. एकानं फाटकातूनच परत पाठवलं, तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. टपाल वाटणाऱ्याला कुत्र्याची आणि बंद फाटकाची सवय असते.

शिपायानं नाव पुकारलं. पंजाबराव गठ्ठा घेऊन मॅडमच्या मागोमाग आत गेले. फॉर्म वरच होता.

ठोंबरे सरांनी तासभर आधी प्रबंध वाचला होता. पानांत चिठ्ठ्या दिसत होत्या.

“हे नक्की कुठल्या विषयात बसतं? शेती, आरोग्य की समाजशास्त्र?”

“म्हणूनच या विभागात आलो, सर. बाकीच्यायनं एकमेकाकडं पाठवलं मले.”

जेबा मॅडमनी खाली पाहिलं. ठोंबरे सर हसले नाहीत.

“अर्ध्यात प्रश्न बदलले तुम्ही. पहिले तीस फॉर्म बाद का करू नयेत?”

“बाद नका करू. तेच तं दाखवायचं आहे. तेच घर, तीच बाई, तोच ड्रम. एका प्रश्नाले नाही म्हणते, दुसऱ्याले हाव म्हणते.”

“म्हणजे बायका खोटं बोलल्या.”

“नाही. विचारणाऱ्यानं चुकीचं विचारलं.”

सरांनी वरचा फॉर्म दोन बोटांनी उचलला. “काम वाईट नाही. हा एवढा काढून टाका, मी सही करतो. गेलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण स्वतःचं दुःख संशोधनात आणू नये.”

“दुःख नाही आणलं. फोटो नाही लावला तिचा, कशानं गेली तेही लिहिलं नाही. मले कोणी सांगतलं नाही, तं मी कशाले लिहू?”

“मग हा कशाला?”

“प्रश्न पाचवा पाहा, सहभागाचा.”

सरांनी चष्मा वर सरकवला. ‘आहे’ या शब्दापुढं बरोबरची खूण होती. ती निळ्या शाईनं गिरगटून खोडली होती. नवी खूण ‘नाही’पुढं होती.

“ही खाडाखोड कोणाची?”

“माझी.” पंजाबराव उभेच होते. “ती म्हणे, मी औषध कालवते ना, लिहा आहे म्हणून. मी लिहिलं. मंग मीच म्हटलं, ते नाही विचारलं तुले, फवारणी करतं का तेवढं सांग. ती म्हणे, तुमी शिकलेले, मंग नाही लिहा.”

जेबा मॅडमनी हातातली पेन्सिल हळूच टेबलावर ठेवली.

“जुन्या प्रश्नाले एवढ्या घरात एकीनंच पहिल्या खेपेले बरोबर सांगतलं होतं, सर. ते खोडलेलं तसंच छापून येईल, नाही तं मले डिग्री नको.”

ठोंबरे सरांनी त्या खोडलेल्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “बाहेर बसा.”

व्हरांड्यात हर्षानं बाटली पुढं केली. “काका, पास का?”

“मालूम नाही.”

“फॉर्म?”

“अंदर आहे.”

ते पाणी पीत होते तेवढ्यात दार उघडलं. ठोंबरे सर एकटेच बाहेर आले, फोन कानाला लावून, आणि त्यांच्याकडं न पाहता खांबापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

“वहिनी, दादाशी नाही, तुमच्याशीच बोलायचं आहे. आपल्या बागेत... नाही, फवारणी नाही विचारून राहिलो. औषध कोण कालवते?”

पलीकडून उत्तर लांब येत असावं. सर ऐकतच राहिले.